नाव जुळत नाही

जालन्याहून निघालो तेव्हा पिशवीत लॅपटॉप,
दोन डोंगल, शाईचं पॅड उगाच, सवयीनं,
आणि साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी:
वसमत, हळद, मालक बाई.
खाली पेन्सिलीनं, ‘आधी नीट समजावून सांग, मोईन.’

वसमतला पॉलिशचं पिंप फिरत होतं.
हळकुंडं एकमेकांवर घासून उजळत होती
आणि त्यांची साल सगळी हवेत,
माझ्या पापण्यांवर, चहाच्या सायीवर,
पाचव्या मिनिटाला कीबोर्डच्या फटींत.
मी रुमाल काढला.
सुलक्षणाबाई बारहाते म्हणाल्या,
“पुसू नका. परत बसतंय.”

मी समजावलं.
की आता फाईल बगलेत धरून
कुणाच्या टेबलापुढं उभं राहायचं नाही.
माल इथं असतानाच त्याची कुंडली तिथं पोचते:
किती पोती, काय भाव, कोण पाठवतंय, कुणाला.
हळदीला तिथं हळद म्हणत नाहीत,
आठ आकडे म्हणतात.
बाईंनी शून्य, नऊ, एक, शून्य
पोत्यावर खडूनं लिहून पाहिले, मान तिरकी करून.
“ह्याला वास नाही.”

सही आता ह्या डोंगलमध्ये, मी म्हणालो.
“आन् हे हरवलं तर?”
तर सही हरवली.
त्यांनी ते बोटाएवढं डोंगल
गोदामाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवलं,
जुडगा कमरेला खोचला,
आणि वरून एकदा चापटी मारली.

मग अर्ज. मग गोल फिरणारं चक्र.
मग लाल अक्षरांत: नाव जुळत नाही.

बँकेत सुलक्षणा दत्तराव बारहाते.
आधारवर तेच. वीजबिलावर, वजनकाट्याच्या परवान्यावर तेच.
पॅनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावरून काढलेल्या,
केवळा मुंजाजी चापके.

“ही कोण हो?” हमाली करणारा पोरगा वाकून बघत म्हणाला.
“मी,” बाई म्हणाल्या, “तू पोती मोज.”

थोड्या वेळानं, स्क्रीनकडंच बघत:
“लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं
नवं नाव.
ते तांदूळ त्याच रात्री शिजवले.
मला वाटलं, मिटलं.”

मी नियम सांगितला: पॅन दुरुस्त करा,
राजपत्र, जाहिरात, फोटो दोन, तीन आठवडे.
“म्हणजे मशीन चूक म्हणायलंय?”
चूक नाही ताई. जुळत नाही म्हणतंय.
“मग बरोबर बोलायलंय,” म्हणाल्या,
आणि पहिल्यांदा हसल्या. दातही पिवळसर, हळदीनं की चहानं.

तीन आठवड्यांचे पाच झाले.
पुन्हा वसमत. पुन्हा तेच पिंप.
ह्या खेपेला सगळीकडं सुलक्षणा,
एका ओळीत, एका स्पेलिंगात, कुठं काना कमी नाही.
हिरवी खूण आली.
पोरग्यानं टाळी वाजवली, कशाबद्दल ते न कळता.

शेवटी पासवर्ड.
कमीत कमी आठ अक्षरं, त्यात एक आकडा, मी म्हणालो,
आणि कुणालाच सांगायचा नाही, मलासुद्धा.
मी नियमाप्रमाणं तोंड फिरवलं,
भिंतीवरच्या बी-बियाण्यांच्या कॅलेंडरकडं.
मागं एका बोटानं टकटक.
सहा. मग मोठी थांबणी.
मग दोन.
कान झाकायचा नियम नाही.

रात्री जालन्यात लॅपटॉप उघडला
तर सगळ्या कळांवर धूळ होती, पण काही कळांवर
बोटाचा गोल, दाट, ओला वाळलेला.
गिऱ्हाइकाचा पासवर्ड असा उघडा ठेवता येत नाही.
मी न वाचता रुमाल ओला केला.
हळद पाण्यानं जात नाही, पसरते.
सकाळी शेजारच्या कळाही पिवळ्या होत्या.